बिडी सोडल्यावरचा पहिला महिना: अंग काय काय करतं आणि त्यावर मी काय केलं

२०२२ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पहिल्यांदा बिडी सोडली आणि सहाव्या दिवशी परत धरली. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो: सकाळी परसाकडे होत नव्हतं. पाच दिवस पोट दगडासारखं. खोकला आधी होता त्याच्या दुप्पट, आणि डोकं ठणकतंय ते उन्हानं की बिडीनं, हेही कळत नव्हतं. आमच्याकडे आखाजीला झाडाखाली पत्त्यांचे डाव बसतात. तिथे शेजारच्या शेतातले जिभाऊ माझा खोकला ऐकून म्हणाले, "बिडी सोडी अन् खोकला वाढना, असं कसं भो?" मलाही ते पटलं. पीत होतो तेव्हा चालता-फिरता होतो, सोडली तर आजारी पडलो. त्यांच्याच बंडलातली एक घेतली, ओढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ. घ्या, पुरावाच मिळाला.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सोडली. ती आजपर्यंत सुटलेली आहे. मधल्या काळात माझा निर्धार काही वाढला नव्हता. बीपी दाखवायला गेलो असताना डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, कोणता त्रास कधी सुरू होईल आणि साधारण किती दिवस राहील. ती चिठ्ठी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या वर चिकटवली. त्रासाची तारीख माहीत असली की माणूस सोसतो. पाहुणा कधी जाणार हे ठाऊक असलं की त्याचा चहा करायला जड जात नाही, तसं.

तेव्हा माझं वय ५४. चोपडा तालुक्यात तापीच्या उत्तरेला चार एकर केळी आणि बाकी कापूस. बिडी तेविसाव्या वर्षी लागली, रात्रीच्या लाईटीवर पाणी भरताना झोप येऊ नये म्हणून. पुढे दिवसाला पंचवीसेक व्हायच्या. मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते काही त्या चिठ्ठीतलं, काही विचारून घेतलेलं आणि उरलेलं अंगावर निघालेलं.

दिवस निवडताना

सणाला सोडू नका. आखाजी, लग्नसराई, गावची यात्रा, जिथे चार जण बसून ओढतात तिथे पहिला आठवडा काढणं म्हणजे उपाशी माणसानं पंगतीत वाढायला उभं राहणं. भर उन्हाळ्यातही नको. मे महिन्यात आपल्याकडे धडधाकट माणसालाही गरगरतं, मग कशानं काय होतंय ते उमगत नाही.

दुसऱ्या वेळी मी लाईटीचं वेळापत्रक पाहून दिवस ठरवला. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईट असते, एक आठवडा रात्रीची. सोमवारी दिवसाची सुरू झाली त्या दिवशी सोडली. म्हणजे पहिले सात दिवस रात्री एकट्यानं विहिरीवर बसायचं नव्हतं. तुमची नोकरी असेल, दुकान असेल, गाडी चालवत असाल, तर तुमची 'रात्रीची लाईट' कोणती ते तुम्हीच ओळखा आणि निदान पहिले तीन-चार दिवस ती टाळा. गाडीवाल्यांनी तर नक्कीच. पहिल्या दिवसांत लक्ष एका जागी राहत नाही.

आदल्या दिवशी खिसे, मोटारीची खोली, बैलगाडीची पेटी आणि मोटारसायकलची डिकी झाडून काढा. मला एक अख्खं बंडल ठिबकच्या जुन्या नळ्यांत सापडलं. मीच कधीतरी बायकोपासून लपवलेलं. सगळं चुलीत घातलं. खिशात बडीशेप, लवंग आणि खारे फुटाणे ठेवले. हाताला आणि तोंडाला काम लागतं, आणि एकतीस वर्षांची सवय रिकाम्या हातावर सुटत नाही.

पहिले तीन दिवस

निकोटीन रक्तातून फार लवकर उतरतं. साधारण दोन तासांत निम्मं, पुढच्या दोन तासांत त्याच्या निम्मं. म्हणून सकाळी उठल्याबरोबर पहिली बिडी लागते, रात्रभरात भांडं रिकामं झालेलं असतं. इतक्या वर्षांत मेंदूत निकोटीन घेणाऱ्या जागाही वाढलेल्या असतात. घरट्यात चोची वासून बसलेल्या पिलांसारख्या त्या ओरडतात. चारा मिळाला नाही की पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त कलकलाट, मग तो उतरत जातो. बहुतेकांचा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

काही जण म्हणतात, बिडी म्हणजे हलकं काम, पानात चिमूटभर तंबाखू, तिचं काय एवढं? तसं नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी विझू नये म्हणून आपण जोरानं आणि वारंवार ओढतो, आणि निकोटीन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. तेव्हा बिडीवाल्यांनी 'आपल्याला काय त्रास होणार' या भ्रमात राहू नये. मी होतो.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी कपाळ आवळल्यासारखं, हाताला बारीक कंप, आणि राग. धाकट्या पोरानं ताटात भाजी सांडली तर मी असा ओरडलो की घरात कोणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी चक्कर. उठून उभं राहिलं की जमीन किंचित सरकल्यासारखी. पहिल्या वेळी याच चकरेला मी अशक्तपणा समजलो होतो. बसल्या जागेवरून सावकाश उठायचं, पाणी जास्त प्यायचं, जेवण चुकवायचं नाही. दोन-तीन दिवसांत ती जाते. छातीत दुखलं, दम लागला किंवा शुद्ध हरपल्यासारखं झालं, तर मात्र ते बिडीच्या नावावर न टाकता सरळ दवाखाना गाठायचा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आठवडाभर मी वसवस करीन. माफी नंतर मागता येते, पण आधी सांगितलं तर ती लहान लागते.

तलफ कशी असते? ती सतत नसते, लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. मी घड्याळ लावलं नाही. माझ्या विहिरीपासून शेवटच्या व्हॉल्व्हपर्यंत चालत जाऊन यायला पाच-सहा मिनिटं लागतात. तलफ आली की निघायचं, व्हॉल्व्ह पाहायचा, परत यायचं. बहुतेक वेळा परत येईपर्यंत तिचा जोर गेलेला असे. पहिल्या दोन दिवसांत तो व्हॉल्व्ह मी इतक्या वेळा पाहिला की सालदाराला वाटलं, गळतोय.

मेडिकलवर निकोटीनचं च्युइंगम मिळतं. दोन मिलिग्रॅमचं मागायचं. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल, तर डॉक्टर चार मिलिग्रॅमचं लिहून देतात. हे च्युइंगम चघळायचं नसतं, इथे मी गाढवपणा केला. सुपारीसारखं कचाकचा खाल्लं, उचकी लागली, घसा भाजल्यासारखा झाला आणि पोटात मळमळलं. रीत अशी: चार-पाच वेळा हळू चावायचं, जिभेला चरचर लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचं, चरचर गेली की पुन्हा थोडं चावायचं. असं अर्धा तास. त्याच्या आधी पाव तास आणि ते तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबूपाणी काही नाही, कारण आंबट-तुरट पेयानं ते हिरडीतून अंगात शिरत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर विचारल्याशिवाय घेऊ नये. मी दिवसाला आठ-दहापासून सुरुवात केली आणि तीन महिन्यांत कमी करत बंद केलं.

आणि एक गोष्ट अगदी हात जोडून. बिडी सोडून तंबाखू-चुना धरू नका, दातांना मिश्री लावू नका. माझा पुतण्या 'बिडी सुटली' म्हणून गावभर पेढे वाटून आला, आणि त्याच्या खिशात चुन्याची डबी होती. निकोटीन तेच, फक्त धूर नाही, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका आपण होऊन ओढवून घेतलेला.

चहा निम्मा करा

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर आखाजीचे दोन दिवस वाचले असते. बिडी सोडली की माणूस चहा वाढवतो, कारण बिडीच्या वेळेला हातात काहीतरी हवं. मी दिवसाला आठ-नऊ कप पीत होतो. छाती धडधडायची, हात थरथरायचे, रात्री डोळा लागायचा नाही, आणि मी समजायचो की बिडी मागतेय.

डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. धुरातल्या काही पदार्थांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन फार झपाट्यानं मोडून टाकतं. धूर बंद झाला की काही दिवसांत यकृताचा तो वेग उतरतो. तेवढाच चहा प्या, पण रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट साचतं. म्हणजे चार कप पिऊन आठ कपांची धडधड. दुसऱ्या वेळी मी चारच कप ठेवले, तेही दुपारी तीनच्या आत, आणि टपरीवर उभं राहून पिणं बंद केलं. घरी प्यायचो, पितळी पेल्यात. बिडी कधी पितळी पेल्याबरोबर ओढली नव्हती, म्हणून तिची आठवणही कमी यायची.

यकृताच्या याच कारणानं काही औषधांचाही हिशेब बदलतो. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल, किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असतील, तर धूम्रपान सोडणार हे डॉक्टरांना आधी सांगा. मात्रा कमी करावी लागू शकते. मधुमेहवाल्यांनी पहिले काही आठवडे साखर जरा जास्त वेळा तपासावी. आपल्या मनानं गोळी कमी-जास्त करायची नाही.

पोटाचं प्रकरण

कोणी बोलत नाही, पण सोडणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच फिरतात, माझ्यासारखे. निकोटीन आतड्यांना ढोसतं. एकतीस वर्षं सकाळची बिडी हेच माझं जुलाबाचं औषध होतं. ते बंद झालं की आतडी आळसावतात. त्यांना स्वतःच्या बळावर चालायला परत शिकावं लागतं, आणि त्याला एक-दोन आठवडे जातात, कुणाला थोडे जास्त.

मी काय केलं ते क्रमानं सांगतो. पोट तुंबायची वाट पाहिली नाही, सोडायच्या आदल्या रात्रीपासूनच सुरू केलं. झोपताना दोन चमचे इसबगोल भरपूर कोमट पाण्यातून. इसबगोलावर पाणी कमी पडलं तर ते उलटं आतच घट्ट बसतं, म्हणून वरून आणखी एक पेला. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी. मग शेताच्या बांधापर्यंत चालून येणं. आणि ठरल्या वेळी, लागो न लागो, दहा मिनिटं बसणं. पहिल्या तीन दिवशी नुसतं बसून आलो. बिडी न ओढता तिथे बसायचं म्हणजे भिंत किती वेळ बघणार? मी केळीच्या भावाचा हिशेब मनात मांडायचो. चौथ्या दिवशी काम झालं, आणि मी बायकोला ती बातमी अशी दिली, जणू निवडणूक जिंकलो.

जेवणात गव्हाची पोळी कमी करून ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, पोकळा, मेथी, पपई. आणि केळी! बागायतदार असून वर्षानुवर्षं मी स्वतःच्या बागेतलं पिकलेलं केळं नीट खाल्लं नव्हतं. आमचा माल हिरवाच गाडीत चढतो. त्या महिन्यात एक घड घरात पिकायला लावला. केळं चांगलं पिवळं, ठिपके पडलेलं घ्यायचं. अर्धं कच्चं केळं उलट बद्धकोष्ठ करतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

शौचातून रक्त पडलं, पोट फुगून दुखू लागलं किंवा उलट्या झाल्या तर वाट बघू नका, दाखवा.

खोकला

जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचं अस्तर असतं. धूळ आणि कफ वर ढकलणं हे त्या केसांचं काम. धुरानं ते लुळे पडतात, कफ खालीच साचतो. धूर थांबला की ते परत हलायला लागतात आणि जुना माल वर आणतात. म्हणजे खोकला वाढतो तो छाती बिघडली म्हणून नाही, तिची झाडलोट सुरू झाली म्हणून. मला साधारण तीन आठवडे कफ पडत होता, सुरुवातीला काळपट, मग पांढरा.

खोकला दाबायचं औषध घेतलं नाही. कोमट पाणी, रात्री वाफ, आणि उशी थोडी उंच. कापूस वेचणी चालू होती, तेव्हा तोंडाला उपरणं बांधूनच शेतात जायचो.

पण 'झाडलोट चालू आहे' म्हणून काहीही खपवून घ्यायचं नाही. धूम्रपान करणाऱ्यांना क्षयाचा धोका जास्त असतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी फुकट होते. मीही करून घेतली. काही निघालं नाही, आणि मग उरलेला आठवडा निर्धास्त खोकलो. कफात रक्त, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप यांपैकी काही असेल तर चौदा दिवससुद्धा मोजू नका.

झोप आणि बाकी किरकोळ

पहिले दहा-बारा दिवस रात्री तीनला जाग यायची. स्वप्नंही फार खरी पडायची. मी विहिरीच्या कठड्यावर बसून बिडी ओढतोय, आणि जागा झाल्यावर तोंडात चव. पहिल्यांदा दचकून उठलो आणि बायकोला उठवून म्हणालो, "मी ओढली गं." ती म्हणाली, "झोपा, तुम्ही घोरत होता." अशी स्वप्नं पडणं नेहमीचं आहे, त्यानं सोडलेली बिडी मोडत नाही. दुपारची झोप बंद केली, संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ, आणि जाग आली तर अंथरुणात तळमळत न पडता ओट्यावर फेरी. दोन आठवड्यांनी घडी बसली.

तोंड आलं, चार दिवसांत गेलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ठेचा बंद ठेवला. घसा खवखवला, तोही गेला.

भूक मात्र राक्षसासारखी लागते. त्यात हिवाळा, म्हणजे भरताचे दिवस. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती आणि मला तो वास वीस पावलांवरून आला. कित्येक वर्षांत असा वास आला नव्हता. तीन भाकरी गेल्या. वर्षभरात माझं पाच किलो वजन वाढलं. बहुतेकांचं चार-पाच किलो वाढतं. पहिल्या महिन्यात वजनाशी भांडू नका, एका वेळी एकच वैरी पुरे. फक्त फरसाणऐवजी फुटाणे आणि काकडी.

मन उदास राहणं हाही अंगाच्या त्रासाचाच भाग आहे. माझं आठवडाभर होतं. ते दोन आठवड्यांनंतरही उतरलं नाही, किंवा जगण्यातच रस वाटेनासा झाला, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला, पैसे लागत नाहीत. सोडण्याबद्दल विचारायचं असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. क्रमांक तुमच्याच पाकिटावर छापलेला असतो. मी कित्येक बंडलं फाडली, एकदाही वाचला नव्हता.

एखादी ओढली गेली तर

रात्रीच्या लाईटीच्या एका आठवड्यात मी एक ओढली. मोटार वारंवार ट्रिप होत होती, थंडी होती, शेजारच्या शेतातला गडी पेटवत होता. ओढल्यावर डोकं गरगरलं आणि मजा अजिबात आली नाही. पहिल्या वेळचा मी असतो तर म्हणालो असतो, गेलं सगळं, उद्या बंडल आणू. पण केळीवाल्याला एक गोष्ट ठाऊक असते. झाडाच्या बुडाला पिलं फुटतच राहतात. पंधरा-वीस दिवसांनी विळा घेऊन फिरायचं, फुटलेलं कापायचं, पुढच्या ओळीला जायचं. एक पील राहिलं म्हणून कोणी बाग उपटत नाही. त्याच रात्री आगपेटी त्या गड्याला देऊन टाकली आणि मोटारीच्या खोलीत च्युइंगमचं पाकीट टांगून ठेवलं. पुढच्या रात्री पोराला सोबत नेलं. दोघं जण असलं की ओढायचा विषयच निघत नाही, विषय क्रिकेटचा निघतो.

परवा रात्री जिभाऊंचा फोन आला. वय सदुसष्ट, बिडी पन्नास वर्षांची. आधी पाण्याचं बोलले, मग केळीच्या भावाचं, मग थोडा वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "सोमवारपाईन दिननी लाईट शे. इसबगोल कितलं लेवानं, सांग."